गार टायरची हवा

चारही टायर कडांना संपले होते. मधली नक्षी शाबूत, आणि दोन्ही अंगांना मात्र कुणी पटाशीनं तासल्यासारखी गुळगुळीत. दुकानात गाडी वर उचलून धरली होती. खाली ती मान तिरकी करून बघत उभी होती, आणि दुकानदार तिच्याकडे बघत होता.

"ताई, हवा कमी ठेवून चालवता काय?"

"दर शुक्रवारी भरते. न चुकता."

"न चुकता?"

"पावसात छत्री धरून भरलीय."

"मग जाते कुठं?"

"तेच विचारायला आलेय ना तुमच्याकडे!"

दुकानदारानं एकेक टायर काढून पाण्यात बुडवून पाहिला होता. एक बुडबुडा येईल तर शपथ. "एका चाकाची गेली असती तर म्हटलं असतं, खिळा," तो हात पुसत म्हणाला. "चारही टायरना एकाच मापानं भोक पडायला फार मोठं नशीब लागतं. टायर तर म्हणतात, आम्ही ठणठणीत आहोत, बाईंनाच विचारा."

एरवी ती हसली असती. आज तिला मंगळवार दिसत होता.

दर मंगळवारी ती लेकीला घेऊन मोठ्या शहरातल्या कानाच्या केंद्रात जायची. लेकीला घरात सगळे खारू म्हणायचे, कारण घास दोन्ही गालांत साठवून ती खारीसारखी बघत बसायची. खारूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, कानामागे यंत्र आलं, आणि तेव्हापासून पोर एकेक आवाज नव्यानं ओळखायला शिकत होती. केंद्रातल्या बाई तिला शिकवायच्या. तिथली जागा महामुश्किलीनं मिळालेली. खाडे झाले की ती पुढच्या मुलाला जायची, आणि पुढची मुलं पुष्कळ होती.

केंद्राकडे जायचा रस्ता म्हणजे नुसता उघडा माळ. झाड नाही, आडोसा नाही, उन्हाळ्यात डांबर मऊ पडून चाकांना चिकटायचं. नवरा जहाजावर इंजिनिअर. फोन लागला की त्याचं एकच टुमणं, "उन्हाळाभर नको जाऊस. वाटेत टायर फुटला तर दोघी काय करणार?" सासऱ्यांचंही तेच. ते आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. "ऊन उतरू दे गं. पोरगी काय पळून चाललीय?"

पोरगी पळून चालली नव्हती, पण तिचं वय चाललं होतं. ह्या वयात कानावर पडलेला शब्द मेंदूत घर करतो आणि नंतर दार हळूहळू लोटलं जातं, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते लोटलं जाणारं दार तिच्या डोळ्यांपुढून हलत नसे. जायचं म्हणजे जायचं. प्रश्न फक्त कशावरून जायचं एवढाच होता.

"हे घ्या," दुकानदारानं एक टायर गडगडत आणला. "ह्या मापात हाच सगळे नेतात."

ती उकिडवी बसली. टायरच्या अंगावरची अक्षरं वाचायला ती चार रात्री फोनवर बघून शिकली होती. "हा वजन पेलणार नाही. जुन्या टायरवरचा आकडा बघा, ह्याच्यावरचा बघा. गाडीच्या पोटात बॅटरी आहे, दादा. साध्या गाडीचा टायर हिच्याखाली घालायचा म्हणजे हत्तीला चप्पल घालायची."

"दिसायला तर लहानखुरीच आहे गाडी."

"दिसायला मीही लहानखुरीच आहे."

दुकानदारानं तो टायर मुकाट्यानं परत नेला आणि दुसरा आणला. हा वजनदार गाड्यांचा होता. उष्णता सोसण्याचं अक्षरही सगळ्यात वरचं होतं. तिनं बोट फिरवत फिरवत कडेचे चार आकडे शोधले. कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते त्यात असतं.

"दादा, हा माझ्या लेकीपेक्षा मोठा आहे."

"वापरलेला नाहीये हो! जसाच्या तसा."

"कुठं होता जसाच्या तसा?"

दुकानदाराची नजर नकळत वर गेली. वर पत्र्याचा माळा होता आणि त्याखाली उभं राहिलं तरी टाळू तापत होती. इतकी वर्षं त्या भट्टीत भाजलेलं रबर नवं म्हणायचं तरी कसं? ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्याला घरी सासरेही वचकून असायचे.

"बरं बाई, सोमवारी ताजा माल येतोय," तो म्हणाला. "त्यात दोन प्रकार. एक हलका पळणारा, एका चार्जमध्ये लांब नेतो. दुसरा ऊन आणि वजन सोसणारा, आतून स्पंज लावलेला, आवाज कमी करतो. पण चार्ज थोडा जास्त खाईल."

"आवाज किती कमी?"

"तुम्हाला आवाजाचं काय पडलंय? विजेची गाडी, आधीच मुकी."

मुकी होती म्हणूनच तर घेतली होती. इंजिनाची घरघर नाही, म्हणून माळावरच्या त्या लांब रस्त्यावर ती खारूशी बोलू शकायची. आरशात डोळे भिडवून एकेक शब्द, सावकाश. पण इंजिन गप्प असलं की टायरच बोलतात, आणि झिजले तसे ते जास्तच बोलू लागले होते. गेल्या दोन मंगळवारी खारू मागच्या सीटवर कानामागचं यंत्र ओढून काढायला बघत होती.

"आवाजवालाच द्या," ती म्हणाली. "आधी ऊन, मग वजन, मग आवाज. चार्जचं बघू. वाटेत थांबू, पाणी पिऊ, पुढं जाऊ."

"ठरलं मग. सोमवारी बसवतो."

"बसवा. पण हवा जाते कुठं ते मला त्याआधी कळलं पाहिजे. नाहीतर हेही असेच कडेनं जातील. आणि ह्या वेळी दुकानात येऊन जातील की माळावर, कुणी सांगावं?"

दुकानदार आता हसला नाही.

घरी आल्यावर ती कामाला लागली. गाडीच्या स्टिअरिंगमागे टायरच्या चित्राचा एक पिवळा दिवा होता. सकाळी निघताना तो लागायचा आणि थोडं अंतर गेलं की विझायचा. नवरा म्हणायचा, सेन्सर खुळा झालाय, लक्ष देऊ नको. इतके दिवस तीही त्या दिव्यालाच शिव्या घालत होती. आता तिनं हवा मोजायचं छोटं यंत्र आणलं आणि रविवारी उजाडल्या उजाडल्या अंगणात जाऊन चारही टायर मोजले. शुक्रवारी संध्याकाळी तिनं स्वतः भरलेली हवा रविवारी सकाळी कितीतरी उतरली होती. म्हणजे दिवा खुळा नव्हता.

मग खुळं कोण? तिनं शेजारच्या वाह्यात कार्ट्यांवर संशय घेतला. कुंपणाची दोन्ही टोकं पाहिली. एकही उडी मारल्याची खूण नाही.

ह्या सगळ्यात खारूचं एक वेगळंच चाललं होतं. गेल्या मंगळवारी बाईंनी विचारलं होतं, "घरी नवीन कुठला आवाज काढते का?" काढत होती. "फिस्स." ओठ दातांवर दाबून, डोळे बारीक करून, फिस्स. बाईंना मोठा आनंद झाला. "वा! असे बारीक आवाज ऐकू येणं सगळ्यात अवघड. कुठून उचलला ते शोधा, आणि तो पुन्हा पुन्हा ऐकवा."

तेव्हापासून तिनं घरातली फिसफिसणारी एकूण एक वस्तू लेकीपुढं धरली होती. कुकरची शिट्टी उचलून दाखवली. खारूनं नाही म्हणून मान हलवली. सोड्याची बाटली उघडली. नाही. इस्त्रीची वाफ, झुरळांच्या औषधाचा रिकामा डबा, सायकलचा पंप. नाही, नाही, नाही. प्रत्येक नकारासरशी खारूचा चेहरा असा, की ह्या बाईला एवढंही कळू नये?

त्या रविवारी सकाळी आई टायरपाशी बसलेली दिसली तशी खारू धावत आली, चाकापाशी आईसारखीच उकिडवी बसली, आणि हवा भरायच्या नळीच्या तोंडावर इवलंसं बोट ठेवून खुशीत म्हणाली, "फिस्स."

आईच्या हातातलं यंत्र तसंच राहिलं.

"कोण करतं गं फिस्स?" तिनं खारूच्या समोर तोंड आणून सावकाश विचारलं.

खारू उठली. व्हरांड्यात सासरे पेपर वाचत बसले होते. ती त्यांच्याकडे दुडदुडत गेली, त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला बोट लावलं. खिशात पेन होतं. नेहमीचंच. "काय गं खारूताई?" म्हणत त्यांनी तिला मांडीवर घेतलं.

आई उठून घरात गेली. चूक निघाली तर? म्हाताऱ्या माणसावर आळ घ्यायचा तर डोळ्यांनी पाहून घ्यावा. दुपारी ती रोज आतल्या खोलीत संगणकापुढे बसायची. इमारतींचे आराखडे तपासायचं तिचं काम होतं, रविवारीही उरलंसुरलं उरकायचं असायचं. सासरे त्या वेळी वामकुक्षी घेतात असा तिचा समज होता. आज तिनं संगणक चालू ठेवला, खोलीचं दार लोटलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

अंगणात गाडी उन्हात तापत होती. थोड्या वेळानं सासरे डोक्यावर ओला पंचा टाकून आले. मागं खारू. त्यांनी पहिल्या टायरवर पंजा ठेवला, अंगठ्यानं दाबला, मान हलवली. खिशातलं पेन काढलं, टोपण उपसलं आणि टोपणाचं टोक नळीत दाबलं.

फिस्स.

खारूनं टाळ्या पिटल्या. आजोबांनी पुढच्या चाकाकडे मोर्चा वळवला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पायात चप्पलही न घालता बाहेर आली आणि फरशीचा चटका बसला तसा राग आणखीच भडकला. "बाबा!"

ते दचकले नाहीत. बस थांब्याला लावावी तसे सावकाश उठले. "अगं, झोपली नाहीस?"

"मी दुपारी कधी झोपते? किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"हवा सोडणं."

"हात लावून बघ ना!" त्यांनी तिचा हात धरून टायरवर ठेवला. "दगड झालाय नुसता. असला टणक टायर घेऊन तू पोरीला त्या माळावर नेणार? फुटेल ना! जरा सोडली की मऊ पडतो. आम्ही डेपोत जन्मभर हेच केलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगून ऐकली असतीस? तुझं आपलं आकडा एके आकडा. म्हटलं, कशाला तोंडाला तोंड द्या. ती भरू दे, आपण सोडू. दोघी सुखरूप घरी आल्या की झालं."

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. तिला आठवला तो पिवळा दिवा, त्या झिजलेल्या कडा, आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेली खारू.

"बाबा, तार वाकवून पाहिलीय? वाकवा, सरळ करा, वाकवा, सरळ करा. हाताला चटका बसतो. मऊ टायर तसाच दर फेऱ्याला दबतो, उठतो. वरून उन्हानं तापतो आणि आतून दबून दबून. तुम्ही फुटू नये म्हणून हवा सोडत होता, आणि फुटला असता तर..."

पुढचं ऐकायची त्यांना गरज पडली नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. पंचा डोक्यावरून ओघळून खांद्यावर आला. "म्हणजे मीच..."

"थांबा, दाखवते तुम्हाला." तिला अजून राग होता. तिनं गाडीचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर कंपनीनं चिकटवलेली पट्टी होती, कुठल्या टायरमध्ये किती हवा ते सांगणारी. तिला तो आकडा त्यांच्यापुढं नाचवायचा होता. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि वाचायला तोंड उघडलं.

आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, टायर गार असताना.

ती शुक्रवारी हवा कधी भरायची? संध्याकाळी. दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पंपावर पळवत नेऊन. तापलेल्या टायरमधली हवा आधीच फुगलेली. आकडा बरोब्बर यायचा आणि टायर गार झाला की हवा कमी पडायची. आराखड्यातला आकडा आणि त्याच्या शेजारची टीप दोन्ही वाचा, म्हणून ऑफिसातल्या नव्या पोरांना ती रोज फैलावर घ्यायची. ही पट्टी तिनं दीड वर्ष बघितली होती. आकडा बघितला होता.

गप्प बसता आलं असतं. सासऱ्यांना चष्म्याशिवाय ती अक्षरं दिसत नव्हती. पण ह्या गाडीत आता कुणीच कुणापासून काही लपवून चालणार नव्हतं.

"बाबा, टायर गार असताना भरायची होती," ती म्हणाली. "मी गरम असताना भरत होते."

त्यांनी पंचा पुन्हा डोक्यावर ओढला. "म्हणजे तू आधीच कमी भरायचीस?"

"हो."

"आणि वर मी सोडायचो?"

"हो."

"आणि चिडायची कुणावर?"

"दिव्यावर."

त्यांना आधी खोकला आला आणि मग हसू फुटलं. ती हसायचं नाही असं ठरवून उभी होती, पण खारूनं दोघांकडे आळीपाळीनं बघून पुन्हा "फिस्स" केलं आणि तिचाही बांध सुटला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते तिनं घामाबरोबर पुसून टाकलं.

सासरे लगेच गंभीर झाले. "आता मी हातच लावत नाही बाई. तुझी गाडी, तू बघ." आणि आत निघाले.

"बाबा, रुसायला वेळ नाहीये. मंगळवारी जायचंय."

ते पायरीवर थांबले.

"सकाळी, उन्हं यायच्या आत, हवेचं माप तुम्ही घ्यायचं. मला तेव्हा खारूचं आवरायचं असतं. कमी असली तर भरायची. पंप मी घरीच आणते, विजेचा. म्हणजे गाडी पळवत न्यायला नको. पण दुपारी टायरला हात लावायचा नाही. कितीही टणक लागला तरी नाही. ते टोपण इकडे द्या."

"अगं, पेन उघडं राहील."

"राहू दे उघडं."

त्यांनी टोपण तिच्या तळहातावर ठेवलं.

सोमवारी टायर आले. तिनं चारही टायरांचे चार आकडे वाचले, वजनाचा आकडा वाचला, उन्हाचं अक्षर वाचलं, आणि ह्या वेळी प्रत्येक आकड्याच्या शेजारचं बारीकसारीकही वाचलं. चाकं सरळ रेषेत आहेत का तेही तपासून घेतलं. "हवा कुठं जायची, सापडलं का?" दुकानदारानं विचारलं.

"सापडलं."

"कुठं?"

"घरातच."

तो आणखी काही विचारणार होता, पण तिचं ते बघणं बघून त्यानं चाकाचे नट आवळायला घेतले.

मंगळवारी सकाळी अंगणातून सासऱ्यांनी आकडा मोठ्यानं ओरडून सांगितला, डेपोत सांगायचे तसा. ती आणि खारू गाडीत बसल्या, तर मागचं दार उघडून तेही आत शिरले. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर पंचा.

"तुम्ही कुठं?"

"बघू तरी तुझे टायर काय म्हणतात."

पिवळा दिवा लागला नाही. ती काही क्षण वाट बघत राहिली, आणि मग निघाली.

माळ लागला. डांबर आत्ताच चकाकायला लागलं होतं. तिचे कान टायरांकडे, डोळे रस्त्याकडे आणि मधूनमधून आरशात. खाली एक मंद सरसर होती, दूरच्या नळासारखी, तेवढीच. खारूचा हात यंत्राकडे गेला नाही. "ढग," ती आरशात बघून म्हणाली. खारूनं काचेतून वर पाहिलं. "धग," ती म्हणाली. सासरे म्हणाले, "आत्तापुरतं तेच खरं आहे गं."

परतताना, ऐन दुपारी, त्यांनी चार्जिंगला गाडी लावली. टायर खरंच चार्ज जास्त खात होते. ती खारूला पाणी पाजत बसली, तेवढ्यात सासरे खाली उतरले. आरशात तिला ते पुढून मागं जाताना दिसले. पहिल्या चाकापाशी उकिडवे बसले. टायरवर पंजा ठेवला. अंगठ्यानं दाबला.

तिचा हात दाराच्या कडीवर गेला. हाक मारावी? टोपण तिच्याकडे होतं, पण हवा सोडायला काय, साधी किल्लीही पुरते. किल्ल्या तर त्यांच्या खिशात खुळखुळायच्याच. तिनं कडी घट्ट धरली आणि उघडली नाही. दर मंगळवारी ती काही त्यांच्या पाठीवर बसणार नव्हती. एकदा सांगितलंय. आता त्यांचं त्यांनी ठरवायचं.

त्यांनी हात उचलला, पंच्यानं पुसला आणि पुढच्या चाकाकडे गेले. तिथंही तेच. चौथ्या चाकापाशी जरा जास्तच वेळ बसले. हात खिशाकडे गेला, तिथंच थबकला, आणि गुडघ्यावर येऊन टेकला. मग गुडघा धरूनच ते उठले.

दार उघडून आत बसले तेव्हा घामानं निथळत होते. "दगड झालेत चारही," ते म्हणाले.

"होऊ देत."

"मी म्हटलं का काही?"

खारू आजोबांच्या खिशातल्या उघड्या पेनाकडे बघत होती. तिनं पेनाला बोट लावलं आणि भुवया उंचावून विचारलं, "फिस्स?"

सासऱ्यांनी मान हलवली. मग तिला नीट दिसावं म्हणून तोंड तिच्यासमोर आणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "नाही. आता. सकाळी. माप."

"माप," खारू म्हणाली. स्पष्ट, पहिल्यांदाच.

आरशात बघत तिनं ते ऐकलं. पुन्हा म्हणायला लावायचा मोह तिनं आवरला, कारण खारू आपणहून ते पुन्हा पुन्हा म्हणत होती, चाकांच्या त्या मंद सरसरीवरून सहज ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. तिनं चार्जिंगची वायर काढली, पट्टा लावला आणि गाडी रस्त्यावर घेतली.